अधिक दहा अंशांवरची पायरी

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखणाऱ्यांपैकी कुणाला हे ठाऊक नाही — नवऱ्याला नाही, बहिणींना नाही. चर्चमध्ये कुमसाराला गुडघे टेकून मी फादरांना रागाचं पाप सांगितलं, आळसाचं सांगितलं, उपवास मोडल्याचं सांगितलं. हे एक मात्र दर वेळी ओठांशी आणून गिळलं. का? फादरांना टँटलम आणि गंधक समजावत कोण बसणार, असं मी मनाशी म्हणायचे. पण समजावून सांगणं मला चांगलं जमतं. जन्मभर मी तेच केलं. ते कारण नव्हतं.

मी वसईतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आमचं घर राजोडीच्या वाटेवर, केळी आणि पानवेलींच्या वाडीत. घरात एम.एस्सी. झालेली पहिली मीच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नोकरी सांभाळून मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते. सरांनी मला एका काचेच्या नळीत थोडे स्फटिक दिले — नखाएवढे, पातळ, जुन्या पितळेसारखे चमकणारे. टँटलम आणि गंधकाचं संयुग. अभ्रकासारखे थर असतात त्याला. चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघून येतो.

या पदार्थात एवढं काय होतं? थोडं ऐकून घ्या, पुढे लागणार आहे. तांब्याची तार गार केली तर तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. हा पदार्थ उलट वागतो. खोलीत ठेवला तर वीज जाऊ देतो. पण गार करत नेला की उणे नव्वद अंशांच्या आसपास त्याचा रोध एकदम उसळी मारतो, दहापट होतो. इलेक्ट्रॉन असतात, त्यांना जायला जागाही असते, तरी वीज अडते. तेरा-तेरा अणूंचे झुबके बनतात आणि दर झुबक्यात एकेक इलेक्ट्रॉन अडकून बसतो. शेजारच्या झुबक्यात आधीच कुणी बसलेला. दोघं एका जागी यायचं तर एकमेकांना सहन होत नाहीत. मग सगळेच आपापल्या जागी गप्प. वीज वाहायला हवी तिथे पदार्थ असा विसंवाहक होऊन बसतो. ही अडलेली स्थिती कशी येते आणि ऊब दिली की कशी सुटते, हा माझा विषय.

द्रव नायट्रोजन वसईत कुठून आणणार? गुरांच्या दवाखान्यातून. संकरित गाईंसाठी वळूंचं गोठवलेलं वीर्य तिथे नायट्रोजनच्या पिंपात ठेवत. डॉक्टर भले होते. आठवड्यातून एकदा उरलेला नायट्रोजन आम्हाला द्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "मग, व्याली का तुमची गाय?"

तो आणायला जायची फिलोमिना. फिलू म्हणायचे तिला सगळे. पाचूबंदरची, कोळ्यांची मुलगी. बापाची होडी होती. नुकतीच एम.एस्सी. होऊन आमच्याकडे हंगामी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली होती — म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक, आणि ती माझ्या शेऱ्यावर. घरी जाळी सांधत वाढलेली. त्या नखाएवढ्या स्फटिकावर केसासारख्या चार तारा चांदीच्या लेपाने चिकटवायच्या असतात. मला तासभर लागायचा, तरी एखादी सुटायचीच. फिलू श्वास रोखून बसायची आणि एका बैठकीत चारही लावून मोकळी व्हायची.

मला याचं कौतुक होतं का? कामाला ती बरी होती, एवढं मी कबूल करायचे. पण कोळीवाड्यातली मुलगी आपल्यापेक्षा नीट हाताची निघावी — हे मला सलायचं. आमच्या वाडीतली माणसं कोळ्यांबद्दल वाईट बोलायची नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसायची मात्र जरा अंतर ठेवून. मीही तशीच. ती 'पानी' म्हणाली की मुलांच्या देखत मी तिला 'पाणी' म्हणायला लावायचे. ती हसून म्हणायची. मुलंही हसायची.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. नाही. अजून पोचले नाही मी तिथवर.

फिलू येण्याच्या आदल्या वर्षी माझा पहिला निबंध छापून आला होता. त्यात एक आलेख होता — गार होताना रोध कसा चढतो आणि तापताना कसा उतरतो. चढताना मी प्रत्येक अंशाला आकडा टिपला होता. उतरताना नाही. नमुना आपोआप खोलीच्या तापमानाला यायला पाच-सहा तास लागतात. त्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाचा मांडव होता, आणि उंबराचं पाणी आणायच्या विधीला मी हवी होते. उणे चाळीसपर्यंत मी बसले. रोध खाली आलेला दिसला, पुढे काय व्हायचं ते ठाऊकच आहे असं म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून उरलेले सात बिंदू मनानेच भरले. सुबक, एका ओळीत. त्यांच्यातून वळणदार रेघ काढली. सरांनी शाबासकी दिली.

सात बिंदू. कुणाचं काय बिघडलं त्यात? असं मी तेव्हा म्हणाले, आणि दोन वर्षं मला त्यांची आठवणही झाली नाही.

मग एका सप्टेंबरात फिलू आलेखाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिला मी एवढंच सांगितलं होतं की नमुना गार कर, आकडे घे, बंद कर. पण बंद करून ती गेली नव्हती. नमुना पूर्ण तापेपर्यंत तिथेच बसली होती, दर दोन अंशांना आकडा टिपत.

"मॅडम, हा एका उडीत नाय उतरत," ती म्हणाली. "पयली मोठी पायरी उने पन्नासला. मग मध्येच अडतो. आनि दुसरी बारीक पायरी पार वर, अधिक दहाला. गार करताना ही नाय दिसत. नुसती परतीला दिसते."

मी कागद पाहिला. अधिक दहा अंशांवर खरंच एक छोटी, सरळ पायरी होती. आणि माझ्या छापलेल्या आलेखात बरोबर त्याच जागी — माझे सात बिंदू. सुबक, एका ओळीत.

पण चेहरा मी शांत ठेवला. म्हणाले, "दंव आहे ते. शून्याच्या खाली धरलेलं दंव वर वितळतं, नमुना ओला होतो. आपल्या हवेत होणारच."

त्या क्षणी मला ते खरंही वाटलं असेल. सप्टेंबरातली वसईची हवा, भिंतींना ओल सुटलेली. वाटलं असेल का? की वाटून घेतलं? आता सांगता येत नाही. या एका वाक्याबद्दल मला संशयाचा फायदा देता येईल. पुढच्यांबद्दल नाही.

फिलूने ऐकून घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा आली. नमुन्याच्या पितळी डबीला तिने सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं होतं. होडीच्या फटी बुजवायला तिचा बाप तेलात राळ शिजवायचा. तीच वरून ओतून डबी बंद केली होती. आत ओल शोषायला सिलिका जेलचे खडे. थेंबभर पाणी जायला वाव ठेवला नव्हता. तरी पायरी तिथेच.

"बापाच्या होडीत चाळीस वर्सं पानी नाय शिरलं या राळेनं," ती म्हणाली. बढाई नव्हती त्यात. ती पुरावा देत होती.

मी म्हणाले, "होडी उणे दोनशे अंशांत जात नाही, फिलू. राळ तडकली असणार."

हे मी तपासलं का? नाही. डबी हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही. ती मान हलवून डबी घेऊन गेली. मला सुटल्यासारखं वाटलं.

पण झोप नीट लागेना. नाताळाच्या सुट्टीत कॉलेज रिकामं होतं तेव्हा मी संस्थेतून निर्वात पंप मागून आणला. घरी सांगितलं, सरांचं तातडीचं काम आहे. बहिणी नेवऱ्या तळत होत्या, आई माझ्यावर चिडली होती. चार दिवस मी एकटीने मोजमाप केलं. डबीतली हवाच काढून टाकली. हवा नाही तर दंव कुठून? नमुने बदलले, तारा बदलल्या. सकाळी गार करायचे आणि दुपारभर आकड्यांसमोर बसायचे. चारही दिवस तीच पायरी. अधिक दहाच्या आगेमागे, परतीच्या वाटेवर. चौथ्या दिवशी तर मी प्रार्थना करत होते — दिसू नये म्हणून. पदार्थविज्ञान शिकवणारी बाई, आकड्याने बदलावं म्हणून हात जोडून बसलेली.

आता मला माहीत होतं. यापुढचं सगळं माहीत असून केलेलं आहे.

जानेवारीत सर आले. वर्षातून एकदा यायचे, माझं काम बघायला. त्यांच्या संस्थेत संशोधन साहाय्यकाची एक जागा निघणार होती, त्यासाठी चांगला हात असलेलं माणूस ते शोधत होते. फिलूला हे कुठून तरी कळलं होतं. त्या दिवशी ती चांगली साडी नेसून आली. माझं सांगून झाल्यावर तिने सरांसमोर आपले कागद मांडले. आधीचा आलेख, राळेनंतरचा आलेख, दोन्ही. सांगितलं तिने मुद्देसूद. पदार्थ एका अवस्थेतून सरळ दुसरीत जात नसून मध्ये तिसरी काही अवस्था असावी, असं तिचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "गार होताना तो ह्या वाटेनं जात नाय, सर. फक्त परत येताना जातो."

सर बराच वेळ कागद बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही हे पाहिलंत?"

माझ्या कपाटात, दोन हातांवर, माझे स्वतःचे चार आलेख होते. कुलूप माझंच. किल्ली पर्समध्ये.

"पाहिलं, सर," मी म्हणाले. "ओलावा आहे. मी निर्वातात करून बघितलं. नाही दिसत."

हेच ते. एवढी पानं मी ज्याच्याभोवती फिरत होते ते हेच. *नाही दिसत.*

सरांनी कागद फिलूला परत दिले. ते कठोर नव्हते. म्हणाले, "बाळ, आधी नमुना कोरडा ठेवायला शीक. मग सिद्धांत." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला संशय सापडला असता तर बरं झालं असतं, पण तसं काही नव्हतं. तिला लाज वाटत होती. माझं मोजमाप खरं मानून ती स्वतः लाजली होती, माझ्यासमोर. "सॉरी मॅडम, तुमचा वेळ घेतला," म्हणाली.

ती जागा तिला मिळाली नाही. त्या संध्याकाळी माझे चार आलेख मी घरी नेले आणि आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातले. आईने विचारलं, काय जाळतेस? म्हटलं, रद्दी.

वर्ष संपलं तेव्हा फिलूच्या नेमणुकीचा कागद माझ्याकडे शेऱ्यासाठी आला. मी चांगलाच शेरा लिहिला — हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, जणू त्याने काही फिटणार होतं. ती स्वतःच राहिली नाही. एका माध्यमिक शाळेत लागली, पाचूबंदरातच लग्न झालं. मला पीएच.डी. मिळाली. माणिकपूरच्या एका सभागृहात सत्कार झाला, शाल मिळाली. प्रबंधात तो आलेख होता, सात बिंदूंसकट.

पुढे चार-पाच वर्षांनी मुंबईत संस्थेच्या ग्रंथालयात मी परदेशी नियतकालिकं चाळत होते. एका पानावर हात थांबला. तिकडच्या कुणी तरी याच पदार्थावर काम केलं होतं. आलेखात, परतीच्या वाटेवर, अधिक दहाच्या आसपास, पायरी. मधली अवस्था, जी फक्त तापतानाच येते. फिलूने साडी नेसून सरांना जे सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. मी उभ्याउभ्या वाचलं. मग झेरॉक्स काढून घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

त्याच आठवड्यात मी पाचूबंदरला गेले. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, पुढचं ऐका.

दुपार होती. वाटेत दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. फिलू ओट्यावर वह्या तपासत बसली होती. मला बघून धडपडत उठली, पदराने खुर्ची पुसली, सासूला हाक मारली — "आमच्या मॅडम आल्यात, डॉक्टर झाल्यात त्या." चहा आला. ती भरभरून बोलत होती: शाळा, मुलगी, नवऱ्याची होडी. मी संधी बघत होते. पर्स मांडीवर होती, आणि घडी केलेला कागद बोटांना पर्समधून जाणवत होता.

मग तिने सहज सांगितलं की शाळेत विज्ञान ती शिकवते, पण प्रयोग दुसऱ्या बाईंकडे दिलेत. "माझा हात ओला, मॅडम. मुलांना चुकीचं दिसायला नको." हसली. ज्या मुलीने एका बैठकीत चार तारा लावल्या होत्या ती हे म्हणत होती, आणि तिला ते खरं वाटत होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात तीच जरा पुढे वाकली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्सं डोक्यात आहे. ती परतीची पायरी — ती खरंच नव्हती ना?"

तुम्हीच सांगा, याहून सोपं कुणी कुणाला करून देईल का? तिने विचारलं होतं. उत्तर माझ्या मांडीवर होतं. एक चेन उघडायची होती.

सासू दारात उभी होती. समोर वाळत घातलेल्या जाळ्याशी दोघी बायका काम करता करता आमच्याकडे बघत होत्या. आमच्या मॅडम, डॉक्टर झालेल्या.

"नव्हती," मी म्हणाले.

फिलूने श्वास सोडला. "बरं झालं विचारलं," म्हणाली. "कदी कदी वाटायचं, आपन उगीच सोडलं." आणि पुन्हा नेहमीसारखी हसून वह्यांचा गठ्ठा बाजूला सारू लागली. निघताना तिने कागदात सुके बोंबील बांधून दिले. मी घेतले. घरी आणून त्यांचं कालवण केलं, आणि जेवले.

त्यानंतर मी ती झेरॉक्स कुणाला दाखवली नाही. कधी फाडलीही नाही. कॉलेजातून निवृत्त होताना कपाट रिकामं केलं तेव्हा ती इतर कागदांबरोबर गेली असावी, शोधली नाही.

ती पायरी खरी होती. वसईत ती सर्वांत आधी फिलोमिनाने पाहिली, मी नाही. तिने राळ लावून डबी बंद केली होती आणि ती राळ तडकली नव्हती. माझे सात बिंदू खोटे होते. दंव नव्हतं.

फिलोमिना अजून पाचूबंदरलाच आहे. मुलीचं लग्न झालं, असं कळलं. माणिकपूरहून, मी आता राहते तिथून, तिकडे जायला बस मिळते. मी गेलेले नाही.